कुमुदताईंची चिनी पंगत

डॉ. कुमुदताई प्रथम भेटल्या त्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला नाही. वयाने त्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, तेव्हा तशी अपेक्षाही नव्हती. परंतु धोतर नेसणारा, कपाळी गंध लावणारा, आयुष्यभर संस्कृत शिकविलेला मनुष्य समोर आला म्हणजे काय करावे हे न सुचून लोक किंचित वाकतात, आणि मलाही त्या वाकण्याची सवय जडली होती. कुमुदताई वाकल्या नाहीत. त्यांनी माझे मनगट हातात घेतले, स्वतःच्या पुरुषी घड्याळाकडे पाहून अर्धे मिनिट ओठ हलविले आणि निर्णय सांगितला.

"छप्पन्न. उत्तम. एवढी संथ नाडी बैलाची असते."

मग त्या ज्या कामासाठी आल्या होत्या त्याकडे वळल्या. जयपूरच्या प्रताप नगरात मी आणि माझी पत्नी सुलभा राहावयास येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, आणि भिंतीपलीकडच्या घरात त्या एकट्या राहात होत्या.

"पहाटे साडेपाचला घंटा वाजवता ती कोणासाठी?"

"देवासाठी," मी म्हणालो.

"देव जागा असेल तर गरज नाही. आणि झोपला असेल तर असं दचकवून उठवायचं नसतं. मी तीस वर्षं माणसं झोपवली आणि उठवली, शास्त्रीबुवा. हळूहळू उठवायचं. नावानं हाक मारायची, गालावर थोपटायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी घंटेच्या लोलकाला चिंधी बांधली. देवाने तक्रार केली नाही.

त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. जयपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात त्या भूल देत असत, आणि निवृत्त होऊनही त्यांच्या बोलण्यातून शस्त्रक्रियेचे टेबल कधी गेले नाही. लग्न का केले नाही, असे सुलभेने एकदा भीत भीत विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज पाच-सहा माणसं माझ्यापुढे गप्प होत होती. आणखी एकाला घरी आणून गप्प करायचा उत्साह राहिला नाही." मराठी मंडळात मी उपनिषदांवर दीड तास बोललो, त्या वेळी त्या पहिल्या रांगेत आरंभापासून अखेरपर्यंत गाढ झोपल्या. आभारप्रदर्शनाच्या टाळ्यांनी जाग्या झाल्या आणि सर्वांसमक्ष मला म्हणाल्या, "औषधाशिवाय दीड तास! आणि उठल्यावर मळमळसुद्धा नाही. माझ्या नोकरीच्या काळात तुम्ही कुठे होता?"

अशा या बाईंची एकच भक्ती होती, आणि ती चिनी स्वयंपाकावर होती. आपल्याकडे चिनी म्हणून जे लाल, चिकट आणि तिखट विकले जाते त्याचे नाव काढले की त्यांचा चेहरा जखम उघडून पाहिल्यासारखा होई. खरा चिनी स्वयंपाक प्रांताप्रांताचा निराळा असतो, जसे वऱ्हाडचे जेवण निराळे आणि वेंगुर्ल्याचे निराळे, हे त्या मला अनेक वर्षे समजावीत होत्या. कँटनचे लोक वाफेवर शिजवितात आणि पदार्थाची मूळ चव झाकीत नाहीत. सेचुआनचे लोक जिभेला बधिर करणारे मिरे घालतात. आणि डोंगरातील बौद्ध मठांत भिक्षू असे जेवण रांधतात, की त्यात मांस तर नाहीच, परंतु कांदा आणि लसूणही नाही.

हे शेवटचे वाक्य त्यांनी माझ्यासाठी राखून ठेविले होते.

"लसूणही नाही?" मी विचारले.

"नाही. त्यांच्याही शास्त्रात मन चळतं त्यानं. जगभर शास्त्रीबुवा सारखेच."

सिव्हिल लाइन्सच्या पुढे, एका जुन्या बंगल्याच्या बागेत असे जेवण देणारे एक उपाहारगृह होते. मालक वैष्णव मारवाडी; त्यामुळे तिथल्या मुदपाकखान्यात कांद्या-लसणाला बंदी. आचारी होते ल्यू नावाचे, कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी घराण्यातले, साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांचे आजोबा लहानपणी मठाच्या स्वयंपाकघरात राबलेले. मालकाची बंदी आणि आजोबांची विद्या यांचा असा योग जुळून आला होता, आणि जयपुरात त्याचे महत्त्व ओळखणारी एकमेव व्यक्ती आमच्या भिंतीपलीकडे राहात होती. बाकी सगळे लोक तिथे येऊन मंचूरियनच मागत.

मी बाहेर जेवत नसे. पण कुमुदताईंनी माझ्याशी वाद घातलाच नाही. त्या सुलभेला म्हणाल्या, "सुलभे, तुला यायचंय ना? मग ह्यांना वरणभाताचा डबा करून दे आणि घरी ठेव." सुलभेने डबा केला नाही. तिने जरीकाठाची साडी काढली. तेव्हा मीही निघालो.

कडुलिंबांच्या सावलीत वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. हिरवळीवर दोन मोर हिंडत होते. चिनी मातीच्या शुभ्र थाळ्या आल्या, काकडी आणि तिळाचा गार पदार्थ आला, कमळकाकडीच्या पारदर्शक चकत्या आल्या, आणि माझ्यापुढे अडचण उभी राहिली. भोजनारंभी पानाभोवती पाणी फिरवून बाजूला भाताची शिते ठेवावयाची असतात. चित्राहुती झाल्याखेरीज मी घास घेत नाही. पण चिनी जेवणात भात अखेरीस येतो. मी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो.

कुमुदताईंनी काय झाले ते ताडले. त्यांनी मुदपाकखान्याच्या दाराकडे तोंड करून, शस्त्रक्रियागृहात वापरला असेल त्याच स्वरात हाक दिली, "ल्यूभैया! चार दाने चावल. भगवान का टोल!"

ल्यू स्वतः आले. एका इवल्या बशीत वाफाळणारी शिते होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि मी मंत्र म्हणेपर्यंत मान खाली घालून उभे राहिले. मी पाणी फिरविले, शिते मांडली. तेवढ्यात कडुलिंबावरून एक खार उतरली, टेबलावर आली आणि त्यांतले एक शीत तोंडात धरून वर गेली.

"पोचलं," कुमुदताई म्हणाल्या. "आता जेवा."

पुढे जे झाले ते केवळ माझ्यासारख्या माणसाचेच होऊ शकते. पानात वाढलेले टाकू नये, हे माझ्या हाडांत मुरलेले आहे. रश्श्यातली अळंबी आली; मी पान निपटून स्वच्छ केले. ल्यूंनी दारातून पाहिले आणि आणखी अळंबी पाठविली. मीही ती संपविली. त्यांनी आणखी पाठविली. आणि ते शिजविणे तरी कसे होते! अळंबी रेशमासारखी, रस्सा पाण्यासारखा निर्मळ, आणि तरी त्यात काही खोल दडलेले. परंतु चौथ्या वेळी माझा श्वास जड झाला. पंगतीत करतात तसा मी पानावर आडवा हात धरला. ल्यूंनी तो आशीर्वाद समजून मान लवविली आणि पुन्हा वाढले.

सुलभा घाबरली. "ताई, हे काय चाललंय?"

कुमुदताई शांतपणे चहा पीत होत्या. "ल्यूच्या घरी ताट रिकामं झालं तर अर्थ होतो, पाहुणा अजून भुकेला आहे. घासभर ठेवलं की पोट भरलं. शास्त्रीबुवा ठेवत नाहीत, तो थांबत नाही. दोघांची संस्कृती फार प्राचीन आहे. मला बघायचंय आधी कोण मरतो."

शेवटी सुलभेने माझ्या पुढ्यातली थाळी उचलून स्वतःच्या मांडीवर झाकून ठेविली, तेव्हा ते थांबले.

त्यानंतर महिन्यातून एकदा आमची ती पंगत ठरून गेली. त्या बागेतल्या कुमुदताईंच्या सवयी मी अनेक वर्षे पाहिल्या. त्या कधीही काटा-चमचा मागत नसत. चॉपस्टिक्सनी त्या शेंगदाण्याचा एकेक दाणा उचलीत, आणि तोही बोलता बोलता, न पाहता. "या हातांनी मी चार दिवसांच्या बाळाच्या शिरेत सुई घातली आहे," त्या म्हणत, आणि ही एकच गोष्ट त्या थट्टेच्या सुरात सांगत नसत. सेचुआनचा बधिर करणारा, तोवर नुसता वाचलेला पदार्थ पहिल्यांदा तोंडात घातला तेव्हा त्या खुर्चीत ताठ झाल्या होत्या. "अरे, हे तर आमचं तिरफळ! जिभेला भूल. म्हणजे ही माझ्याच खात्यातली पाककला." पुढच्या खेपेस त्यांनी वेंगुर्ल्याहून मागविलेली तिरफळांची पुडी ल्यूंच्या हाती दिली. ल्यूंनी हुंगली, डोळे मिटले, आणि बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले, "दीदी, ये तो हमारा मौसेरा भाई है।"

शेजारच्या टेबलांवर त्यांचे लक्ष असेच. एकदा एका भारदस्त सेवानिवृत्त अधिकाऱ्याने बेहद्द सुंदर कँटनी सूपमध्ये लाल सॉसची बाटली उपडी केली. कुमुदताई उठल्या, त्यांच्यापाशी गेल्या, मनगट धरले, घड्याळ पाहिले. ते गृहस्थ गोंधळून म्हणाले, "जी, आप?" "डॉक्टर हूँ," कुमुदताई म्हणाल्या. "नाड़ी ठीक है. मतलब तकलीफ़ जीभ में है." आणि परत येऊन शेंगदाणे उचलू लागल्या. ते गृहस्थ पुढच्या महिन्यात पुन्हा आले. त्यांनी लांबूनच आम्हांला नमस्कार केला आणि सूप तसेच प्यायले.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या चॉपस्टिक्समधून शेंगदाणा निसटला.

त्या त्याच्याकडे पाहात राहिल्या. हिरवळीवरून मोर आला, त्याने तो टिपला. त्यांनी दुसरा उचलला, तोही निसटला. त्या दिवशी त्यांनी तिसरा उचलला नाही. घरी परतताना गाडीत त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी घासत होती, जणू अदृश्य गोळी वळीत आहेत.

"कंपवात," त्या म्हणाल्या. "वर्षभर वास येत नव्हता नीट, तेव्हाच कळायला हवं होतं. मी दुसऱ्या कोणात पाहिलं असतं तर दारातूनच ओळखलं असतं."

मी म्हणालो, "ईश्वर आहे."

"असू दे ना. माझी हरकत नाही. पण त्याला म्हणावं, निदान डावा हात निवडायचास."

औषध सुरू झाले. गोळीचा अंमल असेपर्यंत हात बऱ्यापैकी ऐकत, अंमल उतरला की स्वतःच्या मनाचे होत. दोन वर्षांनी चहाचा कप हातातून सुटून मांडी भाजली, आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या गिरिजाने ते परस्पर पुण्याला कळविले. पुण्यात त्यांचा भाचा होता, निखिल; संगणकाच्या कंपनीत चांगल्या पदावर, सज्जन आणि हट्टी. दोन्ही गुण आत्याकडूनच आले असावेत. त्याने फोनवर सांगितले, की आता पुष्कळ झाले, तू माझ्याकडे ये. त्या वेळी मी तिथेच बसलो होतो. कुमुदताई फोनवर ओरडल्या, "पुण्यात माझ्या चुका दाखवणारे दहा लाख लोक आहेत. इथे मी एकटी आहे, तेवढी पुरते." मग त्यांचा स्वर खाली आला. "हे बघ, निखिल. ज्या दिवशी मला कोणी घास भरवायला लागेल, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन आणि मुकाट्यानं येईन. तोवर नाही. तू ये आणि बघ, मी माझ्या हातानं जेवते की नाही. जेवले तर गप परत जायचं. कबूल?"

तो म्हणाला, कबूल. शनिवारी येतो.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "आता शास्त्रीबुवा, ऑपरेशनची तयारी."

ती तयारी मी विसरणार नाही. त्यांनी कागद घेतला. पावणेबाराला गोळी. साडेबाराला अंमल सुरू. दोन वाजेपर्यंत हात शहाणा. याचा अर्थ, साडेबाराला पहिला पदार्थ आणि पावणेदोनला अखेरचा. टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, नको; कारण त्यातल्या प्रथिनांचे आणि गोळीचे जमत नाही. चॉपस्टिक्स लागतील असा एकही पदार्थ नको. बाओ म्हणजे वाफेवरचे भरले पाव हाताने खावयाचे, सूप खोल चमच्याने, काकडीचे मोठे तुकडे बोटांनी, मोदकासारखे वाफवलेले डिमसम बोटांनी, अखेरीस तांदळाची मऊ पेज वाटीला तोंड लावून. ल्यूंना त्यांनी यादी दिली, कारण दिले नाही.

"आणि तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "एक घास बत्तीस वेळा चावता, ते त्या दिवशी बंद. तुमच्या दाढांपायी मला पुण्याला जावं लागेल."

शनिवारी निखिल बागेत आला. उंच, दमलेला, मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवणारा मुलगा. त्याने वाकून मला नमस्कार केला. कुमुदताई म्हणाल्या, "बघा, आमच्या घराण्यात कोणीतरी वाकणारं निघालं."

साडेबाराला काकडी आली. कुमुदताईंनी तुकडा उचलला, खाल्ला, आणि काकडीवर, कँटनवर, पुण्याच्या पाण्यावर बोलू लागल्या. बाओ आले, त्या जेवल्या. डिमसम आले, जेवल्या. मी माझ्या परीने बारा-पंधरा वेळांत घास संपवीत होतो. पाहुणा आला म्हणून सुलभा सारखी उठून वाढू लागे आणि कुमुदताई टेबलाखालून तिच्या पायावर पाय देत. सर्व कसे घड्याळाबरहुकूम चालले होते.

पावणेदोनला पेज यावयाची, ती आली नाही. पाच मिनिटे गेली. दहा गेली. कुमुदताईंच्या उजव्या हाताची बोटे टेबलावर टकटक करू लागली.

"आत्या," निखिल म्हणाला, "हात हलतोय."

"हलवतेय. चहा ओतणाऱ्याचे आभार मानायची कँटनची रीत आहे. बोटांनी टेबलावर टकटक करायचं. विचार शास्त्रीबुवांना."

हे खरोखरीच खरे होते. मी मान हलविली आणि स्वतःही दोन बोटांनी टकटक केली.

"पण तो ओतून गेला कधीच. अजून का करतेस?"

"चहा फार चांगला आहे."

तेवढ्यात ल्यू स्वतः येताना दिसले. तबकात पाच मोठे वाडगे होते. दोन वाजून गेले होते. त्यांनी पहिला वाडगा कुमुदताईंपुढे ठेविला, आणि मी आत पाहिले. निर्मळ रश्श्यात एक अखंड नूडल वेटोळे घालून बसले होते.

"ल्यूभैया," कुमुदताईंचा आवाज अगदी हळू होता, "ये लिस्ट में नहीं था."

"दीदी, भतीजा इतना दूर से आया," ल्यूंचा चेहरा आनंदाने फुलला होता, "बड़े लोग को लंबा नूडल नहीं खिलाएगा तो हमारा खानदान का नाक कटेगा. अपना हाथ से खींचा है. एक कटोरा में एक ही. ये लंबा उमर का नूडल है."

पाचवा वाडगा त्यांनी स्वतःसाठी आणिला होता. सोबत जेवण्याचा हा मान ते कोणाला देत नसत. तो नाकारणे शक्य नव्हते.

कुमुदताईंनी चॉपस्टिक्स उचलल्या. त्या एकमेकींवर आपटून टिपरीसारख्या वाजू लागल्या. त्यांनी त्या पुन्हा खाली ठेविल्या. निखिलने खुर्ची पुढे ओढली. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव मुळीच नव्हता, उलट तो रडेल की काय असे मला वाटले.

"आत्या, मी कापून देऊ का? एकेक घास..."

"काटना नहीं!" ल्यू दचकून म्हणाले. "उमर कटता है!"

कुमुदताईंनी एकवार आमच्या सर्वांच्या तोंडांकडे पाहिले. मग दोन्ही तळव्यांनी वाडगा पकडला, दोन्ही कोपरे टेबलावर रोवली, मान खाली नेली, आणि नूडलचे टोक ओठांत धरून भुरका मारला.

असा भुरका मी पाठशाळा सोडल्यापासून ऐकिला नव्हता. तो लांबतच गेला. हिरवळीवरचा मोर थबकला. शेजारच्या टेबलावरील मारवाडी कुटुंबाने घास हातात धरून आमच्याकडे पाहिले. एक बाई हसली, एका पोरीने मोबाइल वर केला. कुमुदताई थांबल्या नाहीत. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना लाज वाटताना मी पाहिले नव्हते.

बालपणी गुरुगृही आम्ही चाळीस विद्यार्थी कढीचे भुरके मारीत असू. नंतर मोठा झालो, प्राध्यापक झालो, आणि मौनाने जेवू लागलो. मी वाडगा उचलला, डोळे मिटले आणि सगळा श्वास आत ओढला. धोतरावर रस्सा उडाला. तिकडून सुलभेचा भुरका आला, तोंडावर पदर धरलेला, पण माझ्याहून मोठा. मग ल्यूंचा आला, घराणेदार. मोबाइल धरलेल्या पोरीला तिच्या आजीने दटावले, "बड़े जीम रहे हैं, नीचे रख."

शेवटी निखिलनेही वाडगा तोंडाला लावला. त्याला ठसका लागला. पुण्यात ही विद्या राहिलेली नाही.

"झालं," कुमुदताई वाडगा ठेवून म्हणाल्या. "माझ्या हातानं. कोणी भरवलं?"

त्यांच्या साडीवर रश्श्याचे पाच-सहा डाग पडले होते. सुलभेने सहज केल्यासारखा त्यांवर रुमाल टाकला. निखिलने रुमालाकडे पाहिले, आणि मग मोराकडे पाहू लागला.

"कोणीच नाही, आत्या," तो म्हणाला. "कबूल म्हणजे कबूल. पण गिरिजा आता दोन्ही वेळ येईल."

मी त्याला विमानतळावर सोडावयास गेलो. वाटेत त्याने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "काका, मला कळत नव्हतं असं नाही. अख्ख्या जेवणात चॉपस्टिकनं उचलायचा एकही पदार्थ नव्हता. आत्याकडे चॉपस्टिकशिवाय जेवण? मी लहानपणी तिच्याकडून मार खाल्लाय त्यासाठी." थोड्या वेळाने त्याने विचारले, "ती स्वतः फोन करणार नाही. भरवायची वेळ आली तर तुम्ही मला सांगाल ना? तुम्ही खोटं बोलत नाही, असं ती म्हणते."

मी सांगेन म्हणालो.

त्यानंतरच्या दीड वर्षात मी ते वचन पाळले नाही. वेळ येत गेली, ती मी पाहात गेलो. पोळी गेली, मग भात गेला. मग त्या उभ्या पेल्यात नळी घालून पेज पिऊ लागल्या. तीन वेळा पेज, आणि वर विनोद. "भरवत नाही ना कोणी? नळी ओढतेय मी. कराराचा भंग नाही." ब्लाउज खांद्यांवरून घसरू लागले. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत जाई. निखिलचा दर रविवारी फोन येई, "काका, कशी आहे?" आणि मी म्हणे, "बोलणे उत्तम आहे." हे असत्य नव्हते. परंतु ते सत्यही नव्हते, आणि ते न कळण्याइतका मी अशिक्षित नाही.

एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले. गिरिजा फोन त्यांच्या कानाशी धरून उभी होती.

"निखिल," त्या म्हणाल्या, "ये. हो. मीच बोलतेय. नाही, पडले नाही. करार आहे ना आपला, म्हणून." फोन संपल्यावर माझ्याकडे पाहिले. "तुम्ही त्याला सांगितलं नाहीत."

"नाही."

"इतकी वर्षं जमवलेलं पुण्य माझ्यापायी घालवलंत. मूर्ख आहात." मग म्हणाल्या, "बेचाळीस किलो झालेय. डॉक्टर आहे मी. स्वतःला पेजेवर मारणं हा गाढवपणा आहे, आणि गाढवपणा फक्त पेशंटनं करायचा असतो. पण जायच्या आधी एकदा बाग."

जानेवारीची दुपार होती. ऊन कडुलिंबातून गाळून येत होते. निखिल दुसऱ्या दिवशीची तिकिटे घेऊन आला होता. तो आणि सुलभा मुदपाकखान्याच्या दाराशी ल्यूंशी बोलत उभे होते. ल्यू पुन्हा पुन्हा खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुशीत होते. टेबलापाशी कुमुदताई आणि मी दोघेच होतो. त्यांचे दोन्ही हात शालीखाली होते. मध्ये बांबूच्या टोपलीत डिमसम होते, तांदळाच्या पातळ पारीचे, आतील हिरवी पालवी बाहेर दिसेल इतके पातळ. वाफ वर जात होती. त्यांनी टोपलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"शास्त्रीबुवा, तुम्ही रोज त्या दगडासमोर वाटी धरता. इतक्या वर्षांत त्यानं एकदा तरी तोंड उघडलं?"

"नाही."

"मी उघडते. दाखवा नैवेद्य."

आणि त्यांनी खरोखरच डोळे मिटून तोंड उघडले.

मी उजव्या हाताने एक डिमसम उचलला आणि त्यांच्या मुखी दिला. हनुवटी कापत होती, म्हणून डावा हात खाली धरला. त्या पुष्कळ वेळ चावीत राहिल्या. डोळ्यांतून पाणी आले ते त्यांनी येऊ दिले. पुसावयास हात नव्हते, आणि मी पुसलेले त्यांना खपले नसते. गिळून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"जीभ भाजली," त्या म्हणाल्या. "पुढचा फुंकून द्या."

नैवेद्यावर फुंकर मारणे शास्त्राला संमत नाही. मुखवायूने अन्न उष्टे होते. मी दुसरा डिमसम उचलला आणि त्यावर फुंकर मारली. बोटाला अजून चटका बसत होता, म्हणून पुन्हा मारली.